आधी गालाला

बंगळूरच्या थंडीला दिल्लीकडची माणसं हसतात. बारा-तेरा अंश म्हणजे त्यांच्या लेखी छान हवा. हसोत बापडी. त्यांच्यापैकी एकानं जानेवारीत पहाटे सहाला आनेकलच्या बाहेर, तलावाकडच्या उघड्या रानात घोड्यावर बसून दोन फेऱ्या मारून दाखवाव्यात आणि मग तोंड उघडावं. जमिनीवरच्या माणसाला जी थंडी नुसती शिवून जाते, ती घोड्यावरच्या माणसाची बोटं, गुडघे आणि कानाच्या पाळ्या धरून बसते. खंडोजी हे प्रत्येक नव्या शिकाऊला पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि सांगून झाल्यावर त्याला शेकोटीपाशी मात्र फिरकू द्यायचे नाहीत.

"शेकोटीची ऊब उठलं की संपते," ते म्हणायचे. "जा, घोड्याला खरारा करा. तो तापेल, तुम्ही पण तापाल."

आणि व्हायचंही तसंच. व्हाइटफील्डहून गाडीत हीटर लावून आलेली मंडळी कुरकुरत ब्रश हातात घ्यायची, घोड्याची मान, पाठ, मांड्या घासायची, आणि दहा मिनिटांत जॅकेटच्या चेन उघडून कपाळ पुसायला लागायची. खंडोजी लांबून बघून मिशीत हसायचे. कॉफी फेरी मारून आल्यावर, आधी नाही. हा नियम त्यांनी पागेच्या मालकालाही कधी मोडू दिला नाही.

खंडोजी त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांचं घराणं चारेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे उतरलं आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी बोलतात, पण ती अशी, की पुण्याच्या माणसाला निम्मी कानडी वाटावी. आजोबा संस्थानाच्या घोडदळात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. वडील शर्यतीच्या घोड्यांकडे. आणि खंडोजी आनेकलच्या अलीकडे असलेल्या एका लहानशा रायडिंग स्कूलमध्ये, जिथे आठ घोडे, एक चिंचेचं झाड आणि पत्र्याची पागा एवढाच पसारा. मालक महांतेश बेळगावकडचा, चाळिशीतला. तोही घोड्यावर बसायला खंडोजींकडेच शिकलेला, त्यामुळे पगार देत असला तरी बोलताना खंडोजी अण्णांच्या पुढे आवाज चढवत नसे.

खंडोजींची एक रीत साऱ्या पागेला ठाऊक होती. लगामाचा जो लोखंडी तुकडा घोड्याच्या तोंडात, जिभेवर बसतो, त्याला कडियाळं म्हणतात. थंडीच्या दिवसांत ते रात्रभर खुंटीवर गार होऊन पडतं. खंडोजी ते पहाटे आल्याआल्या स्वेटरच्या आत, काखेत धरायचे. मग दोन्ही तळव्यांत घेऊन चोळत बसायचे. लोखंड अंगाएवढं कोमट झालं की मगच घोड्याकडे जायचे. हातमोजे त्यांनी जन्मात घातले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मोज्याला काय कळतंय?"

याच्या मागे एक गोष्ट होती. खंडोजी नऊ वर्षांचे असताना माघातल्या एका पहाटे त्यांनी घाईघाईत गार कडियाळं एका तट्टाच्या तोंडात कोंबलं होतं. वडिलांनी ते काढलं, तसंच पुसलं आणि म्हणाले, "आ कर." पोराच्या तोंडात लोखंड गेलं. दात ठणकले, डोळ्यांत पाणी आलं, जीभ आत कुठे लपवावी कळेना. वडिलांनी दहापर्यंत मोजलं आणि काढून घेतलं. "त्याला बोलता येत नाही," ते म्हणाले. "तुला येतंय. आता विसरू नको." खंडोजी चोपन्न वर्षं विसरले नाहीत.

मल्लिगेनं ही रीत सगळ्यांत जास्त ओळखली होती. मल्लिगे तांबूस रंगाची घोडी. नाकावर मोगऱ्याच्या कळीएवढा पांढरा ठिपका, म्हणून खंडोजींनीच ठेवलेलं हे कानडी नाव. शर्यतीतून निवृत्त होऊन आली तेव्हा लगाम दिसला की मागचे पाय झाडायची. तिच्या तोंडाशी आधी कुणी काय केलं होतं, देव जाणे. खंडोजी चार महिने रोज तिच्याजवळ रिकाम्या हातांनी जाऊन उभे राहिले. पाचव्या महिन्यात तिनं कोमट लोखंड घेतलं. आणि पुढे तर असं झालं, की खंडोजी लगाम घेऊन आले की ती स्वतःहून मान खाली करायची आणि तोंड उघडायची. पागेतली पोरंटोरं त्याचे व्हिडिओ काढायची. बारा वर्षं हे चाललं होतं. खंडोजींना मूलबाळ नव्हतं. दिवसातल्या त्या एका क्षणाएवढं लाडकं त्यांना दुसरं काही नव्हतं, आणि ते हे उघड कबूल करायचे.

मग त्यांचे हात गेले. म्हणजे होते जागेवरच, पण बोलेनासे झाले. अठरा वर्षांची साखर. आधी पायांची बोटं बधिर झाली, मग दोन दिवाळ्यांपूर्वी हातांची. एकदा जमनाबाईनं, त्यांच्या बायकोनं, त्यांना गॅसवरचं पातेलं चिमट्याशिवाय उतरवताना पाहिलं आणि ती किंचाळली. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली आणि सांगितलं की गेलेली जाणीव काही परत यायची नाही, आहे ती जपा, आणि विस्तवापासून लांब राहा.

"अहो, महांतेशला सांगा की स्वल्प," जमनाबाई म्हणाली.

"सांगितलं तर खुर्ची देईल बसायला."

"मग बसा की. त्यात काय वाईट हाय?"

"खुर्चीवर बसून मल्लिगेला लगाम घालता येतो काय?" खंडोजी म्हणाले, आणि विषय संपला. पागेत कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. बक्कल लावायला वेळ लागला की म्हणायचे, चामडं कडक झालंय. नालेचा खिळा हातातून पडला की म्हणायचे, थंडी बघा की केवढी. त्या वर्षी थंडीनं त्यांची चांगली पाठराखण केली.

पण दुसऱ्या हिवाळ्यात बधिरपणा वाढला आणि लोखंडाची पंचाईत झाली. हात स्वतःच गार, ते लोखंडाला काय ऊब देणार? आणि नुसत्या काखेत तापायला अर्धा तास जायचा. तेव्हा खंडोजींनी एक युक्ती काढली. पागेच्या मागे चुलीवर पहाटे घोड्यांसाठी हुलगे शिजत असत. चुलीच्या कडेला एक रुंद दगड होता, कोमट राहायचा. लगामाचे पट्टे बाहेर सोडून कडियाळं तेवढं त्या दगडावर ठेवायचं, थोड्या वेळानं उचलायचं आणि कुणी बघत नसताना गालाला लावायचं. गालाला अजून सगळं कळत होतं. गालानं होकार दिला की घोड्याकडे जायचं. डिसेंबर असा सुखरूप गेला.

त्याच हिवाळ्यात संपदा नावाची मुलगी त्यांच्याकडे शिकत होती. मुलगी कसली, चौतीस वर्षांची बाई. मूळची पुण्याची, व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या कंपनीत. ऑगस्टमध्ये तिची आई गेली होती. त्यानंतर तिची झोप उडाली, ऑफिसात लक्ष लागेना, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून ती सप्टेंबरात घोडा शिकायला आली. खंडोजी तिला अक्का म्हणायचे. एवढा म्हातारा माणूस आपल्याला ताई म्हणतो याचं तिला आधी हसू यायचं, नंतर सवय झाली.

थंडी पडल्यावर मात्र संपदाचे खाडे सुरू झाले. एक बुधवार, मग दोन शनिवार. तिसऱ्या शनिवारी आली ती सांगायलाच, की आता बंद करते.

"अलार्म वाजतो अण्णा, पण उठावंसंच वाटत नाही. अंधार, गारठा. पॉइंट काय आहे, असं वाटत राहतं."

"सकाळी मनाला विचारायचंच नाही, अक्का. मन थंडीत खोटं बोलतंय." खंडोजी खोगिराची पट्टी आवळत म्हणाले. "कपडे रातीच उशाशी ठेवा. मोजे पांघरुणात घेऊन झोपा. आणि उठलं की एकच आठवा, मल्लिगे पाचापासून दाराकडे बघतीय."

"खरंच बघते?"

"बघते की."

हे अर्धंच खरं होतं. मल्लिगे दाराकडे बघायची ती हुलग्यांच्या बादलीसाठी. पण खंडोजींनी त्या दिवसापासून आणखी एक केलं. शिकवणीच्या दिवशी पहाटे पावणेपाचला संपदाला मिस्ड कॉल द्यायचा. ती उठली की उलट एक मिस्ड कॉल. बोलायचं काहीच नाही. बोटांना बटण कळत नव्हतं, म्हणून जमनाबाई नंबर लावून द्यायची. संपदाचे खाडे बंद झाले. जानेवारी उजाडेपर्यंत ती मल्लिगेवर दुडक्या चालीनं रान ओलांडायला लागली, आणि एकदा परत येताना गालावरचं पाणी पुसत म्हणाली, "काल मी सहा तास झोपले, अण्णा." खंडोजी घरी जाऊन जमनाबाईला हे दोनदा सांगून बसले.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी लांबची फेरी असायची. नाचणीची कापलेली शेतं ओलांडून तलावापर्यंत आणि परत, बारा किलोमीटर. संपदाची ही पहिली. त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की चिंचेचं झाड दिसत नव्हतं. शिकाऊंच्या घरचे लोक बघायला आले होते. पाहुणे कुडकुडत होते म्हणून महांतेशनं त्या दिवशी पहिल्यांदाच नियम मोडून, खंडोजींना न विचारता, कॉफी आधीच ठेवायला लावली, आणि कुणीतरी चुलीत दोन जास्तीची लाकडं सारली. खंडोजी तेव्हा दुसऱ्या घोड्यावर खोगीर चढवत होते.

संपदानं आल्याआल्या त्यांच्या हातात एक पिशवी दिली. आत लोकरीची कानटोपी होती, जाड, राखाडी, हनुवटीपर्यंत येणारी.

"आईनं बाबांसाठी विणली होती. त्यांना मोठी होते. तुम्हीच घाला, अण्णा. आत्ताच घाला ना."

खंडोजींनी घातली. डोळे, नाक आणि मिशी तेवढी बाहेर राहिली. संपदा टाळ्या वाजवून हसली. ती एवढी हसल्याचं पागेत कुणी पाहिलं नव्हतं, आणि खंडोजींनी मनात ठरवलं की आज फेरी होईपर्यंत टोपी काढायची नाही.

ते चुलीकडे गेले आणि दगडावरचं कडियाळं उचललं. हाताला काहीच लागलं नाही. सवयीनं ते गालाकडे गेलं तर मध्ये लोकर. टोपी खाली ओढायला हवी होती. तेवढ्यात मागून संपदा आली. "अण्णा, मस्त दिसताय, थांबा, एक फोटो!" तिकडून महांतेशनं हाक मारली, "चला की वो अण्णा, सगळे थांबल्यात." आठ-दहा माणसं त्यांच्याकडे बघत होती. या सगळ्यांसमोर टोपी ओढून लोखंड गालाला लावायचं, आणि मग कुणीतरी विचारणार, अण्णा, हे काय करताय?

खंडोजींनी लगाम हातात धरून फोटो काढू दिला. रोजचाच दगड, रोजचंच लोखंड, असं स्वतःला सांगितलं आणि मल्लिगेकडे गेले.

तिनं मान खाली केली. तोंड उघडलं.

घोडा ओरडतो तेव्हा तो आवाज ऐकवत नाही. मल्लिगे मागच्या पायांवर उभी राहिली, लगाम हिसडून फेकला, पागेच्या खांबावर आदळली आणि तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून थरथरत उभी राहिली. लाळेत रक्त होतं. महांतेश धावला, कुणी पाणी आणलं, पाहुण्यांची लहान मुलं रडायला लागली. खंडोजी जिथल्या तिथे उभे होते. काय झालं हे त्यांना समजतच नव्हतं. त्यांनी खाली पडलेलं लोखंड उचलायला हात पुढे केला, आणि संपदानं तो हात धरला.

"अण्णा, हात बघा तुमचा!"

उजव्या तळव्यावर आडवा, लालभडक पट्टा उठला होता. मधली कातडी फुगून वर आली होती.

"केवढं भाजलंय! तुम्हाला दुखत नाहीये?"

खंडोजींनी तळव्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

सगळ्यांना सगळं कळलं ते त्या एका शब्दानं. महांतेश मल्लिगेपाशी होता, तो तिथूनच वळला.

"किती दिवस झालं, अण्णा?"

"दोन दिवाळी."

महांतेश चिडला असता, शिव्या घातल्या असत्या तर खंडोजींना बरं वाटलं असतं. त्यानं तसं काही केलं नाही. स्वतःच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून आणली आणि घरी सोडताना म्हणाला, "तुम्ही शिकवा, अण्णा. शिकवायला तुमच्यासारखं कोण हाय? पण लगाम-खोगीर आता नको." तो फोटो संपदाच्या फोनमध्ये अजून आहे. राखाडी टोपी घालून खंडोजी हसतायत आणि हातात तापलेलं लोखंड आहे. तिनं तो कुणाला दाखवलेला नाही.

मल्लिगेचं तोंड भरायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस ती ओला भुसा आणि पातळ पेज खात होती. खंडोजी रोज जायचे, पण पागेच्या दाराशीच थांबायचे. ती खाते ना एवढं बघून चिंचेखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसायचे. खुर्ची आलीच होती.

गुरांच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर खंडोजींनी महांतेशकडे एकच मागणं केलं. एकदा, फक्त एकदा, मला लगाम घालू दे. ती घेते का एवढं बघतो. महांतेश नाही म्हणू शकला नाही.

त्या सकाळी त्यांनी कडियाळं चुलीजवळ नेलंच नाही. अर्धा तास काखेत धरलं. मग सगळ्यांसमोर गालाला लावलं, मग दुसऱ्या गालाला, मग ओठांना. पाचव्या महिन्यात तिनं पहिल्यांदा घेतलं होतं तेवढंच कोमट. ते हळूहळू मल्लिगेसमोर गेले. तिनं त्यांना ओळखलं, कान पुढे झाले. मग तिला त्यांच्या हातातलं दिसलं. मान वर गेली, छताला लागेल एवढी वर. दात घट्ट मिटले, आणि सगळं अंग कातडीखालून थरथरायला लागलं. खंडोजींनी लगाम खाली ठेवला आणि खिशातून गुळाचा खडा काढून रिकाम्या हातावर धरला. मल्लिगेनं नाक पुढे केलं, हात हुंगला आणि मागे सरकली. त्यांनी खडा जमिनीवर ठेवला, चार पावलं मागे गेले, तेव्हा तिनं तो खाल्ला.

"ती विसरेल, अण्णा," संपदा हळूच म्हणाली.

"नाही विसरणार, अक्का. मी नाही विसरलो." खंडोजींनी खाली ठेवलेला लगाम उचलून तिच्या हातात दिला. "घ्या. आधी गालाला. गालानं बरं म्हटलं की अंगठा इथं, दात नाहीत त्या जागी. जोर बेडा, अजिबात जोर नको. ती स्वतःच उघडेल."

ते खांबाच्या मागे जाऊन उभे राहिले, मल्लिगेला दिसू नये म्हणून. संपदानं लोखंड दोन्ही तळव्यांत चोळलं, गालाला लावलं, पुढे झाली. मल्लिगेनं एकदा मान वर केली. दुसऱ्यांदा वास घेतला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं. खंडोजींनी ते खांबाआडून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सरी, बरोबर." मग ते बससाठी रस्त्याकडे चालू लागले. पाय कुठे पडतायत ते कळत नव्हतं, म्हणून खाली बघत.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ते उठले. सवय कुठे जाते? जमनाबाईनं नंबर लावून दिला, त्यांनी संपदाला मिस्ड कॉल दिला. थोड्या वेळानं तिचा उलट आला. म्हणजे ती निघाली, म्हणजे मल्लिगेला फेरी मिळणार. फोन उशाशी ठेवून खंडोजी अंथरुणातच बसून राहिले. कुठे जायचं नव्हतं. खुर्चीवर बसायला आठला गेलं तरी चाललं असतं.

जमनाबाई कॉफीचा पेला घेऊन आली. त्यांनी हात पुढे केला, पण तिनं पेला दिला नाही. पदर बाजूला सारून तिनं तो आधी आपल्या गालाला लावला. थोडा वेळ तसाच धरला. मग फुंकर घातली आणि पुन्हा लावला.

"आता धरा," ती म्हणाली.

खंडोजींनी दोन्ही हातांनी पेला धरला. ऊब हातांना कळली नाही. ते रडायला लागले, आणि जमनाबाई पेला पडू नये म्हणून त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून बसून राहिली.